जुन्या पीसींवर सर्व्हरचा डेस्कटॉप: कळव्याच्या अभ्यासिकेतला खटाटोप

लिनक्स सर्व्हरवर लांबून ग्राफिकल लॉगिन द्यायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात कुठलं सॉफ्टवेअर टाकू, व्हीएनसी टाकू का एक्सआरडीपी टाकू (दोन्ही दुसऱ्या मशीनचा डेस्कटॉप आपल्या स्क्रीनवर आणणारी) का अजून काही. माझं मत विचाराल तर ते नंतर बघा. आधी हे ठरवा की मधली वायर निघाली किंवा समोरचा पीसी धाडकन बंद पडला तर उघडं असलेलं काम कुठे राहणार, सर्व्हरवर जिवंत राहणार का लॉगिनसोबत तेही खलास. याचं उत्तर एकदा पक्कं झालं की अर्ध्या गोष्टी आपोआप यादीतून उडतात. आमच्याकडे हे उत्तर गेलेल्या लाइटने दिलं, ते पुढे सांगतोच.

अभ्यासिका कळव्याला, एका ट्रस्टची. खाली वाचनालय, वर मुलांना बसायला हॉल, आणि हॉलच्या कोपऱ्यात एक खोली जिथे आधी गणपतीचं सामान ठेवायचे. एका कंपनीने आपले जुने पीसी दान दिले, कोअर टू ड्युओ, दोन जीबी रॅम, १७ इंची चौकोनी मॉनिटर. आजकालचा ब्राउझर त्यावर उघडला की पंखा बोंबलायला लागतो आणि माऊस दोन सेकंदांनी हलतो. सोबत एक सेकंडहँड टॉवर सर्व्हर मिळाला होता, ३२ जीबी रॅमवाला, तो बरा होता. ट्रस्टचे खजिनदार काका म्हणाले, "अरे तू आयटीवाला ना, हे सगळे डबे आणि हा एक मोठा डबा, यातून काहीतरी जमव, नवीन घ्यायला पैसे नाहीत." मी ऐरोलीला राहतो, शनिवार-रविवार मोकळा असतो, म्हटलं बघू.

डोक्यात प्लॅन साधा होता. सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई नावाचा हलका डेस्कटॉप, सगळे प्रोग्राम तिथेच चालणार, आणि जुने पीसी म्हणजे नुसता स्क्रीन, कीबोर्ड, माऊस. मुलांनी कुठल्याही पीसीवर बसावं, आपलं नाव-पासवर्ड टाकावा आणि आपल्या फायली समोर याव्यात. लिनक्स ज्याच्या वळणावर बनलं त्या युनिक्समध्ये ही कल्पना काही नवी नाहीये. एक्स विंडो सिस्टिम (स्क्रीनवर खिडक्या काढणारी व्यवस्था, पुढे नुसतं एक्स) एमआयटीत प्रोजेक्ट अथेनासाठी १९८४ मध्ये सुरू झाली, तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ला आली आणि आपण अजून तीच वापरतोय. ती बनवलीच अशी की प्रोग्राम एका मशीनवर चालेल आणि चित्र दुसऱ्या मशीनवर दिसेल. १९८९ मध्ये त्यात एक्सडीएमसीपी आलं, म्हणजे लांबच्या स्क्रीनवर थेट लॉगिनची खिडकी आणून देणारा प्रोटोकॉल. त्या काळी एक्स टर्मिनल नावाची मशीनं मिळायची, हार्ड डिस्कबिस्क काही नाही, चालू केलं की सर्व्हर शोधून लॉगिन दाखवायचं. मला हेच पाहिजे होतं, आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं नुसतं वाचलेलं एकदा स्वतः चालवून बघायची खाजही होती.

एक्सडीएमसीपीचा संवाद ऐकायला मजेदार आहे. टर्मिनल, म्हणजे आमचा जुना पीसी, यूडीपी पोर्ट १७७ वर विचारतं, कोणी आहे का? (पोर्ट म्हणजे नेटवर्कवरचं नंबर दिलेलं दार, यूडीपी आणि टीसीपी या निरोप न्यायच्या दोन पद्धती.) सर्व्हर म्हणतो आहे, तयार आहे. टर्मिनल म्हणतं मग मला घे, हे माझे पत्ते. सर्व्हर म्हणतो घेतलं. टर्मिनल म्हणतं, सांभाळ आता. इथपर्यंत ठीक, पण यानंतर उलटं होतं. आता सर्व्हर स्वतः टर्मिनलकडे कनेक्शन टाकतो, टीसीपी पोर्ट ६००० वर. का, तर चित्र काढण्याचं काम टर्मिनलवर चालणाऱ्या एक्सचं आहे आणि सर्व्हरवरचे सगळे प्रोग्राम त्याचे गिऱ्हाईक. हे डोक्यात नीट बसलं नाही ना, की माणूस सर्व्हरचा फायरवॉल (नको ती कनेक्शन अडवणारी भिंत) उघडत बसतो आणि गोष्ट अडलेली असते टर्मिनलवर.

आमच्याकडे अगदी तिथेच अडलं. सर्व्हरवर लॉगिनची खिडकी दाखवणारा लाइटडीएम आहे, त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक्सडीएमसीपीचा सेक्शन असतो, तो चालू केला. सर्व्हरला मॉनिटर लावलेला नाही त्यामुळे लाइटडीएम आधी स्वतःचा स्क्रीन शोधायचा, मिळाला नाही की रुसून बंद, तर डिफॉल्ट सीट सुरू करू नको अशी एक ओळ टाकावी लागते. मग टर्मिनलवर एक्सला सांगितलं की जा, त्या सर्व्हरला विचार. स्क्रीन काळा झाला, कर्सर आला आणि बस. सर्व्हरच्या बाजूला पॅकेट बघितली तर आहे-तयार आहे-घेतलं सगळं झालेलं, आणि त्यानंतर सर्व्हर टर्मिनलच्या ६००० वर टकटक करतोय पण दार कोणी उघडत नाहीये. कारण असं की एक्सऑर्ग (लिनक्सवर चालणारं एक्स) १.१७ पासून, म्हणजे २०१५ पासून, एक्स बाय डिफॉल्ट टीसीपी ऐकतच नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे ते, पण इंटरनेटवरचे बहुतेक लेख त्याच्या आधीचे, त्यात याचा उल्लेख नसतो. एक्स सुरू करताना टीसीपी ऐक असं वेगळं सांगावं लागतं. ते दिलं आणि लॉगिन स्क्रीन फाटकन समोर.

एक पीसी तरी रुसलेलाच. बाकीचे सगळे चालतायत आणि हा एकटा काळा. त्याला मागे एक वायफायचा डोंगल लावलेला निघाला, आधीच्या मालकाचा. टर्मिनल आपले पत्ते सर्व्हरला कळवतं तेव्हा असतील तेवढे सगळे कळवतं, त्यामुळे सर्व्हरने उचलला वायफायवाला आणि तिकडे टकटक करत बसला. एक्सला सुरू होताना अमुक पत्त्यावरूनच बोल असा ऑप्शन देता येतो. मी डोंगलच उपटून काढला.

पोरं खूश. संध्याकाळी खोलीत सगळे स्क्रीन एकसारखे निळे, एकेक जण लॉगिन करतोय, लिब्रेऑफिस पटकन उघडतंय, कारण ते चालतंय सर्व्हरवर. एकाने विचारलं, "दादा, हा पीसी नवा केला का?"

मग एकाने यूट्यूब लावलं.

याचा हिशेब कागदावर मांडला तर बरं पडतं. १७ इंची मॉनिटर म्हणजे १२८० बाय १०२४, प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे एका चित्राला सुमारे ५.२ एमबी. सेकंदाला २५ चित्रं म्हणजे १३१ एमबी, बिटांमध्ये सांगायचं तर एक गिगाबिटच्याही वर. आणि आमचा स्विच होता १०० मेगाबिटवाला. फुलस्क्रीन सोडा, ६४० बाय ३६० ची छोटी खिडकी धरली तरी १८४ मेगाबिट होतात. ब्राउझरने सर्व्हरवर व्हिडिओ उलगडायचा आणि मग एक्सने ती चित्रं कच्चीच्या कच्ची वायरवरून पाठवायची, कुठेही दाबून लहान करणं वगैरे भानगड नाही. एक्स बनलं तेव्हा स्क्रीनवर अक्षरं, रेघा आणि चौकोन असायचे, "इथून इथपर्यंत रेघ मार" एवढा निरोप पाठवला की झालं. आजचे प्रोग्राम सगळं स्वतःच रंगवतात आणि तयार चित्र एक्सच्या हातात देतात, म्हणजे रेघेचा निरोप पाठवायची जी मूळ हुशारी होती तिचा काही उपयोगच उरला नाही. एकाच्या यूट्यूबने बाकीच्यांचा माऊस पण अडकायला लागला.

दुसरी गोष्ट कोणाला दिसत नव्हती पण मला खटकत होती. एक्सडीएमसीपी असो की त्यानंतरचं एक्सचं कनेक्शन, काहीच एनक्रिप्ट, म्हणजे गुप्त लिपीत, नसतं. प्रत्येक बटण दाबलं की ३२ बाइटचा एक निरोप वायरवर जातो आणि त्यात कुठलं बटण ते उघडं लिहिलेलं. स्विचला लॅपटॉप लावून कोणी मनावर घेतलं तर पासवर्ड वाचता येतात. खोलीतल्या मुलांकडून तशी भीती नाही, पण हिशेबाचं लॉगिनही याच सर्व्हरवर येणार होतं, ते असं चालणार नव्हतं.

तरीही मी ते ठेवलं असतं, वेगळं नेटवर्क कार्ड टाकून आणि व्हिडिओ बंद करून. पण एका दुपारी लाइट गेली. फार नाही, पाच मिनिटंही नसेल. सर्व्हरला यूपीएस आहे, पीसींना नाही, एवढ्या जणांना यूपीएस कोण देणार. लाइट आली, पोरांनी पीसी चालू केले, लॉगिन केलं आणि डेस्कटॉप कोरा करकरीत. सर्व्हर एक मिनिटही बंद पडला नव्हता, तरी सगळं गेलं. कारण एक्सचा स्क्रीन टर्मिनलवर असतो, टर्मिनल मेलं की प्रोग्रामचा स्क्रीन नाहीसा होतो, आणि स्क्रीन नाहीसा झाला की प्रोग्राम तिथेच मान टाकतात. लिब्रेऑफिसने जे वाचवून ठेवलं होतं तेवढं परत आलं. ऑनलाइन फॉर्म भरत बसलेल्या मुलीचा अर्धा फॉर्म गेला, ती काही बोलली नाही पण नंतर पीसीवर बसलीच नाही, मोबाइलवरच भरला.

तर मग एक्सचा स्क्रीनच सर्व्हरवर पाहिजे आणि टर्मिनलवर फक्त त्याची प्रतिमा. हे करायचे तीन-चार रस्ते आहेत.

व्हीएनसी सगळ्यांना माहीत असतं. चांगलं आहे, पण ज्याला लॉगिन म्हणतात ते त्यात मुळात नाही. प्रत्येक माणसाला एक डिस्प्ले नंबर, म्हणजे पोर्ट ५९०१ याचा, ५९०२ तिचा, असं वाटून द्यायचं, आणि त्याचा जुना पासवर्ड फक्त आठ अक्षरांचा, नववं अक्षर टाका नाहीतर टाकू नका काही फरक नाही. यात एक सुंदर जुगाड आहे की कनेक्शन आलं की नवा व्हीएनसी स्क्रीन उभा करायचा आणि त्याने आपल्याच मशीनला एक्सडीएमसीपीने लॉगिन मागायचं. लाइटडीएममध्ये तर व्हीएनसीचा तयार सेक्शनच असतो. लॉगिन स्क्रीन मस्त येतो. पण कनेक्शन सुटलं की तो स्क्रीनही गेला, म्हणजे लाइटवाला प्रश्न तिथल्या तिथे. एक्सटूगो बघितलं, ते सेशन (म्हणजे एका लॉगिनमधलं सगळं उघडं काम) झोपवून परत उठवतं, हळू नेटवर सगळ्यात सुसह्य तेच वाटलं, पण त्याला वेगळा क्लायंट, म्हणजे समोरच्या पीसीवरून जोडणारा प्रोग्राम, टाकावा लागतो. एसएसएचमधून (कमांड देऊन दुसऱ्या मशीनला सुरक्षित जोडणारं साधन) एकेक प्रोग्राम आणणं हे मला स्वतःला आवडतं पण ते माझ्यासारख्यांसाठी, खजिनदार काकांना कमांड टाइप करायला सांगू शकत नाही.

राहिलं एक्सआरडीपी. पोर्ट ३३८९, विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची भाषा, म्हणजे आरडीपी, बोलतं. समोर आपला लॉगिन दाखवतं, नाव-पासवर्ड लिनक्सचाच, आणि आतमध्ये एक मॅनेजर त्या माणसाचं सेशन आधीपासून चालू आहे का बघतो, असेल तर त्यालाच जोडतो, नसेल तर डिस्प्ले १० पासून पुढे नवा एक्स सुरू करतो. टर्मिनल मेलं तरी तो एक्स सर्व्हरवर जिवंत. वायरवर जाताना एनक्रिप्शनही होतं. चित्र दाबून पाठवतं म्हणून यूट्यूब अगदी गुळगुळीत नाही पण दुसऱ्याचा माऊस अडवत नाही. डेबियन १२ मध्ये ०.९ मालिकेतली आवृत्ती मिळते, २०२४ च्या ०.१० मध्ये व्हिडिओसाठी अजून बरंच सुधारलंय.

टर्मिनलवर काय केलं तर अगदी किमान डेबियन, चालू झालं की एक्स आणि त्यात फुलस्क्रीन फ्रीआरडीपी (एक्सआरडीपीला जोडणारा क्लायंट), बाकी काही नाही. कनेक्शन तुटलं की दोन सेकंद थांबून परत जोडायचं, एवढाच स्क्रिप्ट.

एक्सआरडीपी टाकायला पाच मिनिटं लागतात आणि मग बारीकसारीक गोष्टी निस्तरायला वेळ जातो, त्यातल्या सगळ्यांना भेटणाऱ्या तेवढ्या सांगतो. एक, एक्सआरडीपीच्या युजरला सर्टिफिकेटची चावी वाचायची परवानगी नसते, त्याला एसएसएल-सर्ट ग्रुपमध्ये घालायचं, नाहीतर ते टीएलएसशिवायच (म्हणजे पक्क्या एनक्रिप्शनशिवाय) चालतं आणि सांगतही नाही, लॉगमध्ये बघितलं तर कळतं. दोन, लॉगिन झाल्यावर एक खिडकी येते की रंगाचं प्रोफाइल बनवायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड द्या. कोणालाच कळत नाही हे काय मागतंय. पॉलकिटमध्ये (कोणाला काय करायची परवानगी ते ठरवणारा भाग) एक नियम टाकून ते बंद करता येतं, पण जुन्या लेखांमध्ये नियमाची जी फाइल दिलेली असते ती जुन्या साच्यातली, आणि डेबियन १२ चं पॉलकिट जावास्क्रिप्टमधले नियम वाचतं, जुनी फाइल तिथे नुसती पडून राहते. तीन, एकच माणूस सर्व्हरच्या समोर बसून लॉगिन असेल आणि त्याच नावाने लांबून आला तर काळा स्क्रीन. दोन सेशन एकाच युजरच्या एका बसवर (प्रोग्राम आपसात निरोप देतात ती वाट) भांडतात. यावर लोकांनी नाना उपाय काढलेत, आमच्याकडे सर्व्हरला मॉनिटरच नाही त्यामुळे मिटलं.

आणि मराठी टायपिंग! यात माझे दोन रविवार आरामात गेले. वाचनालयाची पत्रं, सूचना, सगळं मराठीत लागतं, काही मुलं इन्स्क्रिप्टवाली (प्रत्येक बटणाला ठरलेलं मराठी अक्षर), काहींना गमभन (इंग्रजी अक्षरांतून मराठी) पाहिजे कारण घरी तसंच टाइप करतात. आयबस हे भाषा बदलून टाइप करायचं साधन टाकलं, त्यात दोन्ही आहेत, फाँट नोटो आणि लोहित. एक्सडीएमसीपीवर पहिल्याच झटक्यात चाललं होतं. एक्सआरडीपीत आयबस उठेचना. कारण सापडलं ते असं, मी ज्या लेखावरून सेटअप केला त्यात सेशन सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमधल्या ओळी खोडून थेट एक्सएफसीई सुरू करा असं दिलं होतं, आणि असं देणारे लेख ढिगाने आहेत. डेबियनमध्ये सेशन सुरू होताना एक्ससेशनच्या फोल्डरमधले बरेच तुकडे ओळीने चालतात, त्यातच इनपुट मेथड सुरू करणारा तुकडा असतो. थेट एक्सएफसीईवर उडी मारली की ते सगळं वगळलं जातं, इंग्रजीवाल्याला कधी कळणारही नाही कारण त्याचं काही बिघडत नाही. मूळ स्क्रिप्ट परत ठेवली, आयबस उठलं. कीबोर्डचं अजून एक, क्लायंट आपला लेआउट सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर तो लावतो, त्यामुळे टर्मिनलवर कायम साधा अमेरिकन लेआउट ठेवायचा आणि मराठी फक्त आत, आयबसमध्ये. दोन्हीकडे मराठी केलं की अशी अक्षरं येतात की मोडीवाल्यालाही वाचता येणार नाहीत.

आता घरून लॉगिन. हिशेब बघणाऱ्या ताई ऐरोलीलाच, माझ्या पलीकडच्या सेक्टरमध्ये. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं की ऐरोली-कळवा रस्ता म्हणजे देवाचं नाव, आणि महिनाअखेरीला नेमका पाऊस. त्यांना घरून तोच डेस्कटॉप पाहिजे होता. "मला नवीन काही शिकवू नकोस बाबा, जसं तिथे दिसतं तसं इथे दिसू दे." लॅपटॉप विंडोजचा, मुलाचा, त्यावर काही टाकायला मुलगा देत नाही. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉपचा क्लायंट आधीपासून असतो, त्यामुळे एक्सआरडीपी इथे परत उपयोगी पडलं.

३३८९ थेट इंटरनेटवर उघडायचा नाही, हे कोणी कितीही घाई केली तरी ऐकू नका. उघडल्यापासून काही वेळात जगभरातून लोक पासवर्ड मारून बघायला लागतात. आमच्याकडे तर उघडूही शकलो नसतो, कारण राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होणारा दिसत होता, १००.६४ च्या पट्ट्यातला. हा पट्टा कंपन्या एकच खरा पत्ता पुष्कळ गिऱ्हाइकांत वाटण्यासाठी वापरतात. म्हणजे आपल्या राउटरमध्ये पोर्ट उघडा नाहीतर भिंतीला भोक पाडा, बाहेरून कोणी येऊच शकत नाही. इंटरनेटवाल्यांना फोन केला तर स्टॅटिक आयपीचे महिन्याला वेगळे पैसे, काकांनी ऐकूनच हात जोडले.

उपाय असा की बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा इंटरनेटवरचा सर्व्हर) घ्यायचा आणि अभ्यासिकेच्या सर्व्हरने स्वतःहून त्याला वायरगार्डने (एनक्रिप्ट केलेला खासगी बोगदा) जोडून राहायचं. आतून बाहेर जायला कोणी अडवत नाही. दर २५ सेकंदांनी एक रिकामं पॅकेट पाठवत राहायचं म्हणजे मधला रस्ता बुजत नाही. ताईंच्या बाजूला वायरगार्ड टाकता येत नव्हतं, पण विंडोज १० मध्ये एसएसएच आता आतच येतं. तर डेस्कटॉपवर एक फाइल ठेवली, तिच्यावर डबल क्लिक केलं की एसएसएच व्हीपीएसला जोडतं आणि लॅपटॉपवरचा पोर्ट १३३८९ थेट अभ्यासिकेच्या ३३८९ ला नेऊन भिडवतं, आणि मग रिमोट डेस्कटॉप उघडतो. त्यांच्या चावीला व्हीपीएसवर फक्त एवढंच करायची मुभा दिली आहे, त्या एका पत्त्याच्या त्या एका पोर्टपर्यंत, शेल (कमांड चालवायची जागा) वगैरे काही नाही. लॅपटॉप मुलाच्या हातात असतो म्हटल्यावर हे पाहिजेच.

पहिल्या दिवशी फोन आला, "अरे मराठी होत नाहीये." भाषा बदलायचं बटण विंडोज की आणि स्पेस होतं, आणि रिमोट डेस्कटॉप फुलस्क्रीन नसेल तर विंडोज ती की स्वतःच खाऊन टाकतं, पलीकडे पोचतच नाही. आयबसचा शॉर्टकट कंट्रोल-स्पेस करून टाकला, खोलीत पण सगळ्यांना तोच. मग एकदा म्हणाल्या की कालचं काम गायब. गायब नव्हतं, त्यांनी मुलाच्या फोनवरून उघडून बघितलं होतं. फोनच्या अ‍ॅपमध्ये रंग १६ बिट, लॅपटॉपवर ३२ बिट, आणि एक्सआरडीपी युजर आणि रंगाची खोली दोन्ही जुळली तरच जुनं सेशन देतं, नाहीतर नवं कोरं उभं करतं. त्यात फायरफॉक्स म्हणणार की मी आधीच चालू आहे. दोन्हीकडे ३२ बिट केलं. आता त्या दुपारी अभ्यासिकेत अर्धी व्हाउचरं टाकतात, घरी जातात, रात्री लॅपटॉपवर कर्सर त्याच खान्यात असतो. प्रिंट दिली की ती अभ्यासिकेतल्या प्रिंटरवर निघते, सकाळी वाचनालयवाले काका उचलून फाइलला लावतात, आणि यात कोणालाही काही विचित्र वाटत नाही.

सेशन टिकतं याची किंमत रॅममध्ये द्यावी लागते. पोरं लॉगआउट करत नाहीत, पीसीचं बटण दाबून निघून जातात, आणि सर्व्हरवर त्यांचे टॅब रात्रभर उघडे. एका डेस्कटॉपचं ओझं फार नाही, ब्राउझरचं आहे. एक्सआरडीपीत तुटलेली सेशन ठराविक वेळाने बंद करता येतात, पण ते सगळ्यांना एकच लागू होतं आणि ताईंचं मला अजिबात मारायचं नव्हतं. म्हणून ते तसंच ठेवलं आणि रात्री एक छोटा स्क्रिप्ट फक्त विद्यार्थी ग्रुपमधल्यांची सेशन बंद करतो. शिवाय सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सगळं सुरू-बंद करणारा भाग) प्रत्येक युजरला मेमरीची मर्यादा घातली, तीन जीबी. आता कोणी पन्नास टॅब उघडले तर त्याचाच ब्राउझर पडतो, शेजारचा टायपिंग करत राहतो. बऱ्याच जणांचा एक सर्व्हर असेल तर ही मर्यादा पहिल्या दिवशीच घाला.

एक्सच्या जागी येत असलेल्या वेलँडबद्दल कोणीतरी विचारेलच. हो, हे सगळं एक्सवर उभं आहे आणि एक्सचे दिवस भरत आलेत, रेड हॅट या कंपनीने तर आपल्या लिनक्सच्या दहाव्या आवृत्तीतून एक्सऑर्ग सर्व्हर काढूनच टाकला. ग्नोम या दुसऱ्या, जड डेस्कटॉपमध्ये ४६ पासून थेट लॉगिन स्क्रीनवर आरडीपीने जाता येतं, एक्सआरडीपीशिवाय. ते मी घरी लावून बघितलंय, चाललं, पण ग्नोम एवढ्या जणांना एकदम द्यायचं तर आमच्या सर्व्हरची छाती नाही. एक्सएफसीई जोपर्यंत एक्सवर नीट चालतंय तोपर्यंत मी हलणार नाही.

राहिलंय ते आवाजाचं. आरडीपीतून आवाज आणायला एक मॉड्यूल लागतं, ते डेबियन १२ मध्ये तयार मिळत नाही, स्वतः कंपाइल करावं लागतं आणि साउंडचं पॅकेज अपडेट झालं की परत. इंग्रजी स्पीकिंगचे व्हिडिओ बघणाऱ्या पोरांना तो पाहिजे आहे, खोलीत अभ्यास करणाऱ्यांना अजिबात नको आहे, आणि काका म्हणतात की आधी हेडफोनचे पैसे कोण देणार ते ठरू दे.